तुमच्या तोंडाने सांगा

रविवार, १४ मे १९९५, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये सहा हजार आठशे, आदल्या दिवशी चेकने दिलेली. हजर माणसे चार : मी, माझी पत्नी, नौपाड्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा माणूस आणि आमचे घरमालक. पहिल्या तिघांचे तिथे काम होते. चौथ्यांना कोणी बोलावले नव्हते.

जागा म्हणजे विठ्ठलवाडी स्टेशनपासून आठ मिनिटांवरचे त्यांचेच घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. टेबलावर सेकंडहँड कॉम्प्युटर होता आणि त्याला हळदकुंकू वाहून झाले होते. सहा हजार आठशे त्याचे नव्हेत. ते एका पांढऱ्या पाकिटाचे. पाकिटात दोन फ्लॉप्या आणि फ्लॉप्यांत पगारपत्रक करायचा प्रोग्राम. मी कळव्याच्या एका कारखान्यात पगारखात्यात होतो. तिथल्याच एका वर्कशॉपच्या मालकाने मला सांगितले होते, मे महिन्याचे चौसष्ट कामगारांचे पगारपत्रक सात जूनच्या आत कॉम्प्युटरवर काढून दाखवा. बिनचूक निघाले तर वर्षभराचे काम तुमचे. दरमहा नऊशे रुपये. उशीर झाला किंवा चुकले, तर उल्हासनगरचा एक माणूस तयारच होता.

दुकानाच्या माणसाने पाकीट फाडायला हात घातला आणि घरमालक म्हणाले, "थांबा. त्यावर काय लिहिलंय?"

"काही नाही काका, ते असंच असतं."

"असंच असतं ते इतकं बारीक छापत नाहीत."

त्यांनी पाकीट काढून घेतले, खिडकीशी नेले, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावला. वरच्या घडीवर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिले होते की हे पाकीट उघडलेत, तर खालच्या सगळ्या अटी तुम्हाला मान्य आहेत असे समजले जाईल. खाली मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरे.

"सही कुठे करायची?"

"सही नाही काका. पाकीट फाडलं की झालं."

"फाडणं हीच सही?"

"हो."

घरमालक खुर्चीत बसले. "अहो, चौतीस वर्षं मी दस्त लिहिले. आमच्याकडे दस्त फाडला की रद्द होतो. तुमच्याकडे फाडला की लागू होतो?"

"काका, दुनियेत कोणी वाचत नाही हे," दुकानाचा माणूस म्हणाला. त्याला कळव्याला दुसरीकडे जायचे होते.

हे वाक्य त्याने बोलायला नको होते.

घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. नाव लिहीत नाही. त्यांची मुले अजून तिथेच राहतात आणि बापाचा वाचायचा रोग त्यांनाही आहे. अप्पा कल्याणच्या कचेरीबाहेर दस्तलेखक होते. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, जे लागेल ते लिहून द्यायचे. बाकीचे दस्तलेखक दिवसाला आठ-नऊ कागद उरकत. अप्पांचे दोन व्हायचे. कारण त्यांची एक पद्धत होती. कागद लिहून झाला की ते तो मोठ्याने वाचून दाखवत, आणि मग समोरच्याला म्हणत, "आता तुमच्या तोंडाने सांगा." समोरच्याने आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत कागदातली गोष्ट सांगायची. चुकला तर पुन्हा वाचन. जमेपर्यंत शाईच्या पॅडची डबी उघडायची नाही, अंगठा नाही, सही नाही. दस्ताच्या शेवटी 'वाचून दाखवले व समजले' असे सगळेच लिहितात. अप्पांकडे ते खरे असे. त्यामुळे घाई असलेला माणूस त्यांच्याकडे जात नसे आणि लबाडी करायची असलेला तर नाहीच. म्हणजे गिऱ्हाइके किती उरली, याचा हिशेब वाचकांनी करावा.

निवृत्त झाल्यावर दस्त संपले, पद्धत उरली. लाँड्रीच्या पावतीमागे 'कपडा जळाल्यास जबाबदारी नाही' असे छापलेले असते. अप्पांनी लाँड्रीवाल्याला ते त्याच्या तोंडाने सांगायला लावले. तो म्हणाला, "म्हणजे मी जाळला तरी तुम्ही गप्प बसायचं." अप्पांनी धोतर परत आणले आणि पुढची अकरा वर्षे त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ते घरी धुतले. लग्नाच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये' असे असेल तर ते आहेर नेत नसत. इतर सगळे नेत. अप्पा एकटे रिकाम्या हाताने, अभिमानाने जेवून येत. माणसांनाही ते दस्तातलीच नावे देत. मुलीचा बाप म्हणजे लिहून देणार, मुलाचा बाप म्हणजे लिहून घेणार. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी त्यांनी भटजींना थांबवून प्रत्येक पावलाचा अर्थ विचारला होता. "चौथ्या पावलाला मुहूर्त टळला," काकू सांगत. "आणि सातही पावलांचा अर्थ समजून घेऊन यांनी पाळलं काय, ते मला विचारा."

अशा माणसाच्या हातात ते पाकीट गेले.

"वाचल्याशिवाय फाडू देणार नाही," ते म्हणाले. "माझ्या घरात न समजता करार झाला तर दोष मला." आणि पाकीट घेऊन खाली गेले. ते त्यांनी कपाटात, जुन्या दस्तांच्या गठ्ठ्यावर ठेवून कुलूप लावले.

मी हे चालू कसे दिले, असे कोणीही विचारील. आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार ३१ मे रोजी संपत होता. नवा करायचा की नाही, हे अप्पांच्या हातात होते. शेजारच्या खोलीतला भाडेकरू एकदा त्यांच्या वाचण्याला हसला होता. त्याचा करार पुढे झाला नाही. मी हसलो नाही.

पाकिटावर सतरा कलमे होती. अप्पांचे इंग्रजी कोर्टाच्या नोटिशीपुरते, म्हणून मी कारखान्यातून आलो की रोज संध्याकाळी सात वाजता खाली जाऊन एक कलम वाचून अर्थ सांगायचा, असे ठरले. म्हणजे त्यांनी ठरवले. रोज एकच. खालची कलमे ते लाकडी पट्टीने झाकून ठेवत.

"अप्पा, पुढचं जरा बघूया का?"

"पुढचं वाचलं की मागचं समजल्यासारखं वाटतं. क्रम सोडायचा नाही."

पहिल्याच कलमाला त्यांनी चष्मा काढला. त्यात लिहिले होते की हा प्रोग्राम विकलेला नाही, फक्त वापरायची परवानगी दिलेली आहे.

"पावती आणा."

मी पावती आणली. पावतीवर 'विक्री' असे स्पष्ट होते.

"पावती विक्रीची आणि करार परवानगीचा," अप्पा म्हणाले. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "वरच्या मजल्यावरही तुम्ही भाडेकरू, पाकिटातही भाडेकरू. तुमचं स्वतःचं असं आहे तरी काय?"

पहिली नऊ कलमे झाल्यावर त्यांनी त्यांचे मराठी केले आणि वर येऊन माझ्या पत्नीला वाचून दाखवले. 'सदरहू चकत्यांवरील आज्ञावलीचा मर्यादित, अनन्य नसलेला व अहस्तांतरणीय उपभोगहक्क लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस एतद्द्वारे प्रदान केला असून...' असे ते दोन पाने चालले.

"आता तुमच्या तोंडाने सांगा, सूनबाई."

"काहीही कळलं नाही, अप्पा."

"मराठीत आहे!"

"म्हणून तर लाज वाटते. इंग्रजी कळलं नाही तर माणूस निदान झोपतो तरी."

अप्पा दोन्ही पाने घेऊन खाली गेले. चौतीस वर्षांत लोकांना समजेपर्यंत वाचून दाखवले, पण समजेल असे लिहावे हे त्यांना कधी सुचले नव्हते, असे मला त्या दिवशी वाटले. मी ते बोललो नाही. एकतीस मे यायचा होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी कारखान्यात निघण्याआधी कोळीण आली. खाडीकडच्या कोळीवाड्यातून बुधवारी आणि रविवारी ती पाटी घेऊन यायची आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची. तिला आम्ही मावशी म्हणत असू. माझी पत्नी बोंबील निवडत होती. अप्पा मासे खात नसत, तरी आज स्वतः खुर्ची घेऊन बाहेर आले. त्यांनी कागद वाचला नाही. तो खिशातच ठेवला आणि तोंडाने सांगायला लागले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मावशीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजी मी हिला बोंबील देला, पैसं घेतलं, तरी बोंबील माजाच?"

"हो."

"आन् हिनं शेजारनीला वाटीभर कालवन देला, त गुन्हा?"

"गुन्हा."

"आन् बोंबील नासका निंगाला त?"

"नव्वद दिवसांत बदलून मिळेल. पण तो खाऊन कोणी आजारी पडलं, तर जबाबदारी तुझी नाही."

"नव्वद दीस!" मावशी पोट धरून हसली. "आन् हिनं ह्ये कबूल कवा केला?"

"पिशवीची गाठ सोडली तेव्हा."

"गाठ सोडल्याबिगर बोंबील दिसल कसा?"

"नाही दिसणार."

मावशीचे हसणे थांबले. "असा बोंबील कोन येडा घेल?"

अप्पांनी माझ्याकडे बोट केले. "यांनी घेतलाय. सहा हजार आठशेला."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तू त शिकलेला दिसतंस रं, दादा. वाचाला येतं ना तुला?"

त्या दिवशी मी घासाघीस न करता पैसे दिले.

पण अप्पांना वाट सापडली. जुने दोन कागद त्यांनी फाडले (हे फाडणे जुन्या पद्धतीचे, म्हणजे रद्द करण्याचे) आणि नव्याने लिहायला घेतले. आता प्रत्येक वाक्य लिहिताना ते पुटपुटत, "मावशी काय म्हणेल?" जे वाक्य मावशीला सांगता येणार नाही ते खोडायचे. 'सदरहू' गेले, 'एतद्द्वारे' गेले. एक 'परंतु' टिकावा म्हणून त्यांनी अर्धा तास झुंज दिली आणि शेवटी तोही गेला. इकडे मी दिवस मोजत होतो. पाकीट उघडून प्रोग्राम शिकायला चार दिवस, चौसष्ट माणसांची माहिती भरायला दोन. कलमे रोज एक. एकतीस मेला सतरावे.

त्याप्रमाणे एकतीस मेच्या संध्याकाळी सतरावे कलम वाचले. मी अर्थ सांगितला, अप्पांनी शेवटचे वाक्य लिहिले, आणि लगेच वर येऊन माझ्या पत्नीसमोर संपूर्ण कागद वाचला. एक पान होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसाच्या तसा थोडा देतो :

'हे तुम्ही विकत घेतलेले नाही. वापरायला घेतले आहे. एकाच यंत्रावर वापरा. दुसऱ्याला उतरवून देऊ नका. यातून हिशेब चुकला तर नुकसान तुमचे. फ्लॉपी खराब निघाली तर नव्वद दिवसांत दुसरी देऊ, पैसे देणार नाही. हे पटत नसेल तर पाकीट न उघडता पंधरा दिवसांत परत करा, सगळे पैसे परत मिळतील.'

"कळलं," पत्नी म्हणाली. "सगळं कळलं. अहो, हिशेब चुकला तर नुकसान आपलं असेल, तर सहा हजार आठशे कशाचे? परत करा हे. चौसष्ट माणसांचे पगार तुम्ही हाताने कराल."

मी कॅलेंडरकडे पाहिले. पाकीट आले चौदाला. पंधरा दिवस संपले एकोणतीसला.

"दोन दिवस झाले मुदत संपून," मी म्हणालो.

अप्पांनी कागद पुन्हा वाचला. पट्टी हातातच होती. "कलम शेवटी होतं," ते म्हणाले. "मी क्रमाने वाचतो."

हे त्यांचे संपूर्ण स्पष्टीकरण. यात खेद शोधू नये.

आणि त्याच हाताने त्यांनी बगलेतला दुसरा कागद टेबलावर ठेवला. आमचा नवा भाडेकरार. स्टँपपेपर धरून नऊ पाने, त्यांच्या वळणदार अक्षरात. शेवटी 'वाचून, समजून, राजीखुशीने' असे होतेच. असे तीन करार मी पूर्वी केले होते. तिन्ही वेळा अप्पांनी वाचून दाखवायची तयारी केली आणि तिन्ही वेळा मीच म्हणालो होतो, "असू द्या हो अप्पा, घरचंच आहे." आकड्यांचा माणूस मी, भाडे, अनामत आणि तारीख एवढे पाहून सही केली होती. आजही पेन काढले.

"थांबा," माझी पत्नी पाने उलटत म्हणाली. "सातवं कलम मला एकदा बघू द्या."

सातवे कलम एक पान आणि वर चार ओळी होते. पूर्णविराम एकच, शेवटी.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाने सांगा."

"सूनबाई, हे नेहमीचंच कलम आहे. सगळ्या करारांत असतं."

"असंच असतं ते इतकं लांब लिहीत नाहीत."

अप्पा खुर्चीत टेकले. "म्हणजे, दर कराराच्या वेळी रंगसफेदीपोटी तीनशे रुपये भाडेकरूच्या अनामतीतून कापायचे."

"रंग कोण लावतो?"

"लावला तर मालक."

"लावलाय कधी?"

अप्पांनी भिंतीकडे पाहिले. भिंतीने त्यांची बाजू घेतली नाही.

"मग तीनशे कशाचे? मावशी पायरीवर बसलीय असं समजा आणि सांगा."

अप्पांनी पुन्हा कागद हातात घेतला, जणू त्यात वेगळे काही लिहिलेले सापडेल. मी पेन बंद केले. खरे सांगतो, मला भीती वाटत होती. जागा गेली असती तर महिन्याला नऊशेचे काम कुठे बसून करणार होतो? पण पत्नी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मावशीला सांगता येणार नाही," अप्पा शेवटी म्हणाले आणि नऊ पाने उचलून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा करार आला. एक पान, अकरा वाक्ये. रंगाचे कलम नव्हते. मी वाचला, माझ्या तोंडाने सांगितला, मग सही केली. मागच्या तीन करारांत रंगापोटी कापलेले नऊशे रुपये परत मिळतील का, असे सभ्यपणे विचारले.

"नाही," अप्पा म्हणाले. "तुम्ही तीनदा 'समजले' असं लिहून सही केलीत. न समजता केलीत. खोटं कोणी लिहिलं? तुम्ही."



त्याच दिवशी अप्पा आणि मी नौपाड्याला गेलो. दुकानाचा मालक गल्ल्यावर होता. दोन दिवसांची सूट द्या म्हणून मी विनंती केली. तो म्हणाला, "साहेब, पंधरा म्हणजे पंधरा. तुम्ही तर वाचलंय. बाकीच्यांना मी निदान सांगू शकतो की वाचायला पाहिजे होतं." मग अप्पांनी आपले एक पान पुढे केले आणि ते दुकानात लावायची मागणी केली. मालकाने ते शांतपणे वाचले. चांगला शिकलेला माणूस होता.

"काका, याच्यात आणि कंपनीच्या कागदात फरक काय?"

"काहीच नाही. मजकूर तोच."

"मग कंपनीचाच राहू दे. हा लावला तर गिऱ्हाईक वाचेल."

अप्पा तिथे पाऊण तास उभे राहिले. दुकानात आलेल्या दोघांना त्यांनी पाकिटावरचा मजकूर तोंडाने सांगितला. त्यातला एक काही न घेता गेला. दुसऱ्याने घेतले आणि म्हणाला, "काका, घ्यायचंय तर आहेच ना. कशाला सांगता? बरं चाललं होतं." तेव्हा मात्र अप्पा दुकानाबाहेर पडले. कल्याणला पोचेपर्यंत त्यांनी रस्त्यातली एकही पाटी वाचली नाही.

एक जूनला दुपारी मी पाकीट फाडले. चार दिवसांचे शिकणे दोन दिवसांत उरकले, त्यासाठी दोन रजा गेल्या. पगारपत्रक पाच तारखेला निघाले, आणि त्यात मे महिना तीस दिवसांचा धरलेला निघाला. 'यातून हिशेब चुकला तर नुकसान तुमचे' हे वाक्य डोक्यात नसते तर मी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवून तसेच नेऊन दिले असते. ते वाक्य डोक्यात होते म्हणून चौसष्ट पगार हाताने तपासले, तीसचे एकतीस केले आणि सहा तारखेला दिले. काम मिळाले. उल्हासनगरच्या माणसाकडेही तोच प्रोग्राम होता असे नंतर कळले. त्याने पाकीट पहिल्याच दिवशी फाडले होते.

पुढच्या रविवारी अप्पांनी मला बिल दिले. 'दस्त वाचणे, सोपे करणे, एक पान : रुपये एकवीस.' मी एकवीस रुपये दिले. त्यांनी ते मोजले, मावशी पायरीवर बसली होती तिथे गेले आणि त्यातले अकरा तिच्यापुढे धरले. सोबत पावती होती आणि शाईच्या पॅडची डबी. पावती त्यांनी वाचून दाखवली : सल्ल्यापोटी रुपये अकरा मिळाले.

"आता तुझ्या तोंडाने सांग."

मावशीने आधी अकरा रुपये कमरेला खोचले, मग अंगठा डबीत बुडवला.

"अकरा रुपये पोचलं," ती म्हणाली. "अक्कल इकली नाय. वापराला देलीय. दुसऱ्याला देशील त इचारून दे."